गाठ केवळरामची, हात भैयालालचा

जमुनाबाई म्हणायची, बायको बदलून घ्यायची रीत असती तर केवळरामने तिलाही कधीच कोणाला देऊन टाकलं असतं, बदल्यात एक लंगडी शेळी आणली असती आणि वर 'पाहा, कसा उल्लू बनवला त्याले' म्हणून मिशीवर ताव मारला असता. यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

केवळराम मारबते हा सिहोऱ्याकडचा ढीवर. मासे धरणं हा त्याचा बापजाद्यांचा धंदा आणि हाती आलेली वस्तू संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या गळ्यात घालणं हा त्याचा स्वतःचा. सासऱ्याने लग्नात दिलेली चांगली सायकल त्याने थापड मारल्याशिवाय न बोलणाऱ्या रेडिओवर बदलली. रेडिओ भिंतीवरच्या घड्याळात गेला. घड्याळ चालत नव्हतं, पण केवळरामचं म्हणणं, 'घंटी तं वाजते ना.' ती वाजायची, तिच्या मनाला येईल तेव्हा, आणि जमुनाबाई सकाळ झाली समजून चूल पेटवून बसायची. घड्याळाच्या बदल्यात बकरी आली ती गाभण म्हणून, निघाली नुसती खादाड. दर सौद्यात केवळराम बुडायचा आणि दर सौद्यानंतर पारावर बसून आपण समोरच्याला कसं गंडवलं ते सांगायचा. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर एखाद्या वेळी तरी फायद्यात राहिला असता.

त्याच्या या खोडीला खतपाणी घातलं ते गावच्या तलावाने. तलाव ढिवरांच्या सोसायटीने ठेक्यावर घेतलेला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मासे धरायच्या जागा वाटायच्या. कोणाच्या वाट्याला खोल पाणी यायचं, कोणाच्या वाट्याला गुडघाभर चिखल, म्हणून भांडणं नकोत यासाठी टोपलीत चिठ्ठ्या टाकायच्या. पण चिठ्ठी निघाली म्हणजे विषय संपला असं नव्हे. जोवर जाळं पाण्यात पडून ओलं होत नाही, तोवर कोणीही कोणालाही जागा बदलून मागू शकतो, आणि मागितली की नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर मासा रुसतो. मासा रुसलेला कोणी पाहिला नव्हता, पण बिरादरी रुसलेली सगळ्यांनी पाहिली होती. केवळरामला खोल पाण्याची चिठ्ठी निघाली की जमुनाबाई वाटेकडे डोळे लावून बसायची. आता कोणीतरी येणार, बदली मागणार, आणि हा हसत हसत जाऊन चिखलात उभा राहणार.

ब्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर केवळरामला शौचातून रक्त जायला लागलं. गावाने एकमताने मूळव्याध ठरवली. गावात शंका असते ती फक्त दुसऱ्याच्या हेतूबद्दल, रोगाबद्दल कधीच नसते. कोणी ताक सांगितलं, कोणी सुरण सांगितला, तुमसरच्या एका वैद्याने काळ्या पुड्या दिल्या. केवळरामने सगळं खाल्लं आणि वाळत गेला. त्याचं चाललं असतं तर ते दुखणंही त्याने शेजाऱ्याच्या खोकल्याशी बदलून घेतलं असतं. शेवटी जमुनाबाईने त्याला अक्षरशः ओढत नागपूरला नेलं, एका मोठ्या दवाखान्यात, आणि तिथं कळलं की मूळव्याध वगैरे काही नाही, मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ आहे.

गाठ कापली डॉक्टर पांढरीपांड्यांनी. डॉक्टर विलायतेला शिकून आले होते ही गोष्ट त्यांनी कोणापासून लपवून ठेवलेली नव्हती. त्यांचा एक अभ्यास चालू होता, आणि तो ते प्रत्येक पेशंटला असा समजावून सांगत की पेशंटला आपण कॉलेजात नाव घातल्यासारखं वाटावं.

"गाठ काढली, पण तिचं बी कुठंतरी सांडलेलं असतं," ते म्हणाले. "शरीराचे पहारेकरी त्या बियाला हात लावत नाहीत, कारण ते घरातच वाढलेलं. पण गाठीच्या पेशींच्या अंगावर एक खूण असते. ती खूण पहारेकऱ्यांना दाखवून दिली की ते शोधून शोधून मारतील. म्हणून तुमची कापलेली गाठ आम्ही बर्फाहून थंड पेटीत ठेवणार, तिच्या पेशी किरणांनी मारणार, त्यात क्षयाची लस मिसळणार म्हणजे पहारेकरी खडबडून जागे होतात, आणि तुमच्याच दंडात टोचणार. प्रत्येकाची खूण वेगळी. ज्याची गाठ त्यालाच लस."

मुंबईच्या कोणा डॉक्टरांचं म्हणणं होतं की सगळ्यांच्या गाठींवर एखादी तरी खूण सारखी असणार, आणि ती सापडली तर एकच लस सगळ्यांना चालेल. त्यांचं नाव निघालं की पांढरीपांड्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं.

जमुनाबाईचा जन्म लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणं आणि निंदणं करण्यात गेला होता. धानात रानधान उगवतं, ते हुबेहूब धानासारखं दिसतं, आणि नवी बाई ते तसंच सोडून पुढं जाते, हे तिला ठाऊक होतं. "म्हणजे निंदणाऱ्या बाईले आधी गवत दाखवाचं," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, हो, साधारण तसंच, आणि पुढच्या पलंगाकडे वळले.

पुढच्या पलंगावर भैयालाल होता. मोहाडीकडचा, वैनगंगेत मासे धरणारा, म्हणजे तोही ढीवरच. त्याच आठवड्यात तसलीच गाठ काढलेला. दोन ढीवर एका वार्डात आले की तासाभरात नातं निघतं. भैयालालच्या मावशीची नणंद केवळरामच्या चुलत्याकडे दिलेली निघाली, आणि दोघं पोटावरचे टाके सांभाळत भाऊ भाऊ झाले. भैयालाल अगदी काडी झालेला. त्याच्या लहान लहान मुली त्याची बायको गिरजाबाई माहेरी ठेवून आली होती, आणि दिवसभर ती फरशीकडे पाहत बसायची.

लसीने खरंच फरक पडतो का हे कळायला निम्म्या पेशंटांना लस द्यायची होती, निम्म्यांची नुसती तपासणी करायची होती. कोणाला काय हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, बंद पाकिटातली चिठ्ठी काढायची. केवळरामच्या चिठ्ठीत लस निघाली. भैयालालच्या चिठ्ठीत नुसती तपासणी.

केवळराम पलंगावर उठून बसला. "अवो, हे तं आपल्या तलावासारखंच आहे," तो जमुनाबाईला म्हणाला. इतक्या शिकलेल्या लोकांनी ढिवरांची पद्धत उचलली याचा त्याला मनापासून अभिमान वाटला. बदलीचा नियम डॉक्टरांनी काही सांगितला नव्हता. पण तो न सांगताही लागू असतो, एवढं दोन्ही ढिवरांना पक्कं माहीत होतं.

दुपारी भैयालाल छताकडे पाहत म्हणाला, "दादा, जाळं अजून ओलं झालं नाही."

बस, एवढंच म्हणाला तो. जमुनाबाई बाजूला मोसंबी सोलत होती. केवळरामने पोटावरचा टाका चाचपला आणि म्हणाला, "घे. तुले झाली."

व्हरांड्यात जमुनाबाईने त्याला भिंतीशी गाठलं. "हा लसीचा टीका म्हणजे का तलावातली जागा आहे? जीव आहे तो तुमचा."

"मांगतलं त्यानं."

"मांगतलं म्हणून जीव देता?"

"तू चिंता नको करू वो. माह्या अंगात ताकद आहे. तो पाहा, कसा झाला. अन् फुकट नाही दिलं मी." मग त्याने आवाज खाली आणला. "त्यानं मले त्याचं नायलॉनचं जाळं देतो म्हटलं."

जमुनाबाईला हसावं की त्याच्या डोक्यात मोसंबी घालावी हे कळेना. ती रडली. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाच्या हाती खोल पाण्याची खरी जागा लागली होती, आणि ती त्याने जाळ्यावर दिली होती. पुढं ते जाळं घरी आलं. त्याला भोकं होती.

लस टोचायच्या दिवशी ती त्या खोलीच्या दारातच उभी राहिली. नर्सने "केवळराम मारबते" म्हणून हाक मारली आणि भैयालाल "हो" म्हणून आत गेला. कोणाचं तोंड पाहायला कोणाला वेळ नव्हता. दवाखान्यात माणूस म्हणजे पलंगाचा नंबर आणि पोटावरचा टाका, आणि दोघांचाही टाका सारखाच. जमुनाबाईने तोंड उघडलं होतं. पण बाजूला गिरजाबाई हात जोडून उभी होती, आणि दिलेला शब्द बायकोने मोडला असं बिरादरीत झालं असतं तर केवळराम तिथंच मेला असता. तो तर स्वतःच्या नावाला दुसऱ्याने ओ दिलेली पाहून खूश होता. आणि लपवाछपवी म्हणाल तर अजिबात नाही, त्याने कंपाउंडरला स्वच्छ सांगितलं होतं, 'आमी बदली केली बरं का.' कंपाउंडर 'बरं बरं' म्हणाला. तो सगळ्यांनाच बरं बरं म्हणायचा.

पुढं भैयालाल केवळराम म्हणून तपासणीला जाऊ लागला. केवळरामच्या गाठीच्या नुसत्या पेशी त्याच्या हाताच्या कातडीत थोड्याशा टोचून पाहिल्या, तर दोन दिवसांत तिथं लालबुंद फुगार आली. डॉक्टरांनी ती पट्टीने मोजली, विद्यार्थ्यांना दाखवली, तिचा फोटो काढला आणि दिल्लीला परिषदेत नेला. पहारेकऱ्यांनी आपलीच खूण कशी बरोबर ओळखली, ज्याची गाठ त्यालाच लस कशी लागू पडली, वगैरे भाषण झालं, टाळ्या पडल्या. केवळराम गावात सांगत सुटला, "माह्या नावाचा हात दिल्लीले गेला." स्वतः मात्र तो तपासणीला जायचं टाळायचा. भैयालालच्या नावाने बसचे धक्के खात कशाला जायचं, असा त्याचा सवाल होता.

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी धान कापणीला आलं तेव्हा जमुनाबाईला त्याचे डोळे पिवळे दिसले. मग पोट फुगलं. तिने पुन्हा त्याला नागपूरला नेलं. या वेळी ओढावं लागलं नाही, त्याच्यात विरोध करायची ताकदच नव्हती.

पांढरीपांड्यांनी त्याचं पोट दाबून पाहिलं. यकृतात गाठी हाताला लागत होत्या. "हा कोण?" त्यांनी विचारलं.

"केवळराम मारबते," जमुनाबाई म्हणाली.

डॉक्टर हसले. "बाई, केवळराम मारबते मागच्या महिन्यात येऊन गेला. चांगला गुटगुटीत आहे."

"तो भैयालाल होय, साहेब," केवळराम म्हणाला. "आमी बदली केली होती ना. कंपाउंडरले सांगतलं होतं."

डॉक्टरांना हे समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर त्यांचा जो आवाज लागला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. माणूस मरणाच्या दारात उभा, आणि साहेबांना पहिली काळजी पडली ती दिल्लीला दाखवलेल्या फोटोची. सगळा अभ्यास नासवला, अडाणी लोकांच्या नादी लागूच नये, दोघांचीही नावं कापून टाका, असा हुकूम सुटला. केवळराम हात जोडून ऐकत होता. आपलं काय चुकलं हे त्याला खरंच कळत नव्हतं. चिठ्ठ्या टाकायच्या आणि बदली नको, हा कुठला न्याय?

खोलीत डॉक्टर उषाबाई म्हणून एक तरुण मदतनीस होत्या. त्या म्हणाल्या, "पण सर, गाठ एकाची आणि हात सुजला दुसऱ्याचा."

"परक्याचं मांस टोचलं तर कोणाचाही हात सुजेल. त्याने काय सिद्ध होतं?" डॉक्टर गर्विष्ठ होते, मूर्ख नव्हते, आणि हे त्यांचं म्हणणं खरंच होतं.

"मग भैयालालची स्वतःची गाठ पेटीत पडून आहे, ती त्याच्या हातात टोचून पाहू. त्याला आपण खूण दाखवली ती केवळरामच्या गाठीवरची. त्याने आता स्वतःची गाठही ओळखली तर?"

"तर दोन्ही गाठींवर एखादी खूण सारखी असण्याचा संभव आहे," डॉक्टर म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर आपण मुंबईवाल्यांचं वाक्य बोललो हे त्यांच्या लक्षात आलं.

भैयालालला निरोप गेला आणि तो आला. केवळरामला पाहून त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. त्याच्या हातात त्याचीच गाठ टोचली. दोन दिवसांनी हात सुजला. एका सुजेने फार काही सिद्ध होत नाही, असं उषाबाई सांगत होत्या, पण सारखी खूण असेल तर कुठं शोधायची याची दिशा मिळाली, असंही म्हणत होत्या. संध्याकाळपर्यंत पांढरीपांडे साहेब भेटेल त्याला सांगू लागले की मला हे पहिल्यापासून वाटतच होतं.

जमुनाबाईला खुणांशी देणंघेणं नव्हतं. ती सरळ त्यांच्या खोलीत शिरली. "ह्याची गाठ त्याले लागू पडली ना? मंग त्याची गाठ ह्याले टोचा."

डॉक्टर म्हणाले, बाई, आता उशीर झाला. लस सांडलेल्या बियासाठी असते, गाठी एवढ्या वाढल्यावर नाही. जमुनाबाईला हे समजत होतं. रानधान माजून लोंब्या झडल्यावर बांधीत निंदायला बाया उतरवणाऱ्या मालकाला तीच हसली असती. "समजते मले," ती म्हणाली. "तरी टोचा." डॉक्टर म्हणाले, हे नियमात बसत नाही. ती खाली फरशीवर बसली आणि उठेना. शेवटी उषाबाईंनी लस तयार केली आणि टोचली.

दोन दिवस जमुनाबाई त्या दंडाकडे पाहत बसली. बोटाने चाचपायची, उजेडाकडे वळवून पाहायची. एकदा तिला बारीक फुगार लागली आणि ती धावत जाऊन उषाबाईंना घेऊन आली. तिथं डास चावला होता. दंड सपाटच राहिला. भैयालालचा हात फुगला होता तसा फुगावा म्हणून तिने देवाकडे भीक मागितली, पण केवळरामच्या अंगातले पहारेकरी थकून झोपले होते ते झोपलेच राहिले.

घरी न्या, असं सांगितलं तेव्हा पांढरीपांडे स्वतः पलंगाशी आले होते. केवळरामने त्यांना विचारलं, "साहेब, एक खरं सांगा. तो टीका मी घेतला असता तं वाचलो असतो का?"

डॉक्टरांकडे नेहमी सगळ्याची उत्तरं असायची. त्या दिवशी ते पलंगाच्या कडेला टेकले. "माहीत नाही," ते म्हणाले.

"अन् भैयालाल, तो त्याच्यानंच वाचला?"

"तेही माहीत नाही. कदाचित लसीशिवायही वाचला असता."

केवळराम विचारात पडला. "मंग मी फसलो का नाही फसलो?"

डॉक्टरांनी त्याचं पांघरूण नीट केलं. हे कळत नाही याचं केवळरामला फार वाईट वाटलं, मरणापेक्षाही जास्त. जन्मभर त्याने नाही नाही ते सौदे केले, पण संध्याकाळी टोपली पाहिली की कोण बुडालं ते कळायचं. या एका सौद्याचं कोणालाच सांगता येत नव्हतं. तो जमुनाबाईकडे पाहून हसल्यासारखं करत होता, आणि तिला त्याचा राग येत होता, आणि त्याला सोडून कसं जगायचं ते तिला कळत नव्हतं.

धान घरी यायच्या आत तो गेला.

तेरवीला भैयालाल आला. आत आला नाही, अंगणात एका कडेला उकिडवा बसला. अंगाने भरलेला, गालावर तेज. गावातल्या बाया त्याच्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहत होत्या. पंगती उठल्यावर जमुनाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हा माणूस मरावा असं तिच्या मनात किती वेळा आलं होतं हे देवालाच माहीत.

"वहिनी," तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "डॉक्टर मले दर साली तपासाले बोलावून राहिले. माह्या रक्तात ते खूण शोधणार म्हनतात. पन मी आता जात नाही. कोन्या तोंडानं जाऊ? कायले जगाचं मी? मेलो तं सुटलो."

"जाशीन," जमुनाबाई म्हणाली. आजवर ती त्याला तुमी म्हणायची. "दर साली जाशीन. ते रक्त मांगतीन, रक्त देशीन. पोट दाबतीन, दाबू देशीन. अंग दुखलं तं लपवून नाही ठेवशीन. अन् खबरदार तू माह्याआधी मेला तं."

भैयालाल रडायला लागला.

"रडू नको. आयक. माह्या माणसानं जन्मभर घाट्याचेच सौदे केले. मी पाहिले सारे. हा एक तरी फायद्याचा होऊ दे."

मग तिने घरातून पत्रावळ आणली, त्याच्यासमोर टाकली आणि त्याच्या नको नकोकडे लक्ष न देता भात वाढला.